फकिराची फर्द

हैदराबादेतल्या आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात दोन मराठी नांदत होत्या आणि त्यांचं आपसात कधी पटलं नाही. एक आईची, लग्नात पुण्याहून बरोबर आलेली, घासूनपुसून लख्ख. दुसरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णांचं घराणं निजामाच्या राज्यातलं, बीदरकडचं, शेती करणारं. त्यांची शाळा उर्दूतून झालेली, नोकरी जमिनीच्या दफ्तरात, त्यामुळे 'हौ', 'नक्को', 'परेशानी' ही मंडळी त्यांच्या बोलण्यात घरच्यासारखी वावरत. सकाळी काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी झाली की अण्णा गालाला साबण फासून खिडकीशी उभे राहायचे आणि वस्तरा हातात धरून ललितातली आपली पदं म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, गाल कापून घ्याल! आणि ते तुमचं करायलाव-जायलाव पोरीच्या कानावर घालू नका." अण्णा आरशातच हसत. "कान तिचे आहेत की. तोंड माझं हाय." जेवणात मात्र अण्णांनी बाजी मारली होती. गोड आमटीचा नाद आईने केव्हाच सोडला होता; ताटात चिंचेची खट्टी दाळ, शेजारच्या तेलुगू अम्मांनी शिकवलेली अंबाडीची भाजी, कडक भाकरी आणि वर लाल मिरचीचा ठेचा. तो तिखटजाळ घास खाऊन नाक पुसत पुसत आई मला शुद्ध बोलायला शिकवायची. मी तिचं ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, पण या वयातल्या वाटण्याला काय किंमत!

ललित म्हणजे काय हे आता सांगावंच लागेल. देवाचा उत्सव संपतो त्या दिवशी देव दरबार भरवून बसलाय असं मानायचं आणि त्याच्यापुढे एकेक सोंग आणायचं. भालदार येतो, जोशी येतो, वासुदेव येतो, फकीर येतो. प्रत्येकजण गातो, थट्टा करतो, लोकांना हसवतो आणि शेवटी देवाकडे काहीतरी मागतो. सगळ्यांचं मागून झालं की चोपदार गावासाठी मागणं मागतो आणि मग लाह्यांचा काला वाटतात. आमच्या गल्लीतल्या मठात हे चैत्रातल्या उत्सवाला व्हायचं. पूर्वी रात्रभर चाले म्हणतात. शहरात कधीतरी संचारबंदी लागली तेव्हा ते दुपारी आणलं आणि मग ते तसंच दुपारचं राहिलं. अण्णा चोपदार होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. आणि आमच्या ललिताची एक रीत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सबंध खेळ कुणाच्याही घरी नव्हता. ज्याचं जे सोंग त्याच्या घरी तेवढाच कागद, त्याला फर्द म्हणत. फर्दीवर सगळ्यात वर आधीच्या सोंगाच्या बोलण्यातले शेवटचे तीन-चार शब्द लिहिलेले. ती हाक. ती हाक कानावर पडली की आपलं सुरू करायचं. दुसऱ्याची फर्द मागायची नाही, पाहायची नाही, उतरवून तर मुळीच घ्यायची नाही. मी लहानपणी अण्णांना विचारलं होतं की असं का. ते म्हणाले, "पूरा खेळ एकाच्याच घरात गेला तर बाकीच्याला कोण बोलावते? म्हणून वाटून ठेवलाय."

फकिराची फर्द खाजामियाँकडे होती. सुलतान बाजारात पुस्तकांच्या दुकानांमागे एक बोळ आहे, तिथे त्यांचं जिल्द बांधायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा, एक दाबयंत्र आणि खळीचा वास. मी त्यांना चाचा म्हणायची. शाळेची पुस्तकं दर जूनमध्ये त्यांच्याकडे बांधायला जात आणि दर चैत्रात ते आमच्या मठात हिरवा फेटा बांधून, हातात मोरपिसांचा कुंचा घेऊन यायचे. त्यांचे वडील, आजे, पणजेही तसेच येत आले होते. फकीर आधी देवाकडे बकरी मागे, मग भांडण न करणारी बायको मागे, मग बायकोला गप्प करायला दुसरी बकरी मागे. बायका पदर तोंडाला लावून हसत आणि माझी आईसुद्धा हसायची, सगळी शुद्धता विसरून. आणि मग एकदम आवाज खाली आणून फकीर म्हणे, "कुछ नक्को साईं, बैठने कू जागा दे." ही अण्णांची हाक. ती ऐकून चोपदार पुढे व्हायचा, "दिली रे दिली, जागा दिली," असं म्हणत फकिराचा हात धरून त्याला देवापुढच्या जाजमावर बसवायचा आणि मग गावाचं मागणं मागायचा. लहानपणी मला ललितातलं एवढंच आवडायचं, कारण चाचा खरोखर दमलेले असत आणि बसल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसे.

मी एम.ए.ला पहिली आले तेव्हा आईने पेढे वाटले आणि सरांनी मला संशोधनाला घेतलं. सरांचं नाव मी लिहीत नाही. ते गेले, त्यांची मुलं चांगली आहेत, माझ्याशी आदराने वागतात. सर जुन्या नाट्याचे, कीर्तनाचे, पोथ्यांचे मोठे जाणकार होते आणि विद्यापीठात कुणाची नेमणूक व्हायची ती त्यांच्या शब्दाने व्हायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून "हौ सर" असं निघून गेलं. वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत, ते फक्त म्हणाले, "हे जिभेवरून काढावं लागेल हं, शालन." मी घरी येऊन रडले आणि मग काढलं. सहा महिन्यांत मी अशी बोलायला लागले की मावशी पुण्याहून आली तेव्हा तिला मी हैदराबादेत वाढलेय हे खरं वाटेना. अण्णांशी बोलतानाही मी तसंच बोलू लागले. ते ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "शाले, तू मला पाहुण्यावानी कायला बोलायलीस?"

विषय माझ्या घरातच होता. आमचं ललित सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत मागे जातं असं सरांना वाटत होतं, पण सबंध संहिता कुणी पाहिली नव्हती. ती मी जमवायची, असं ठरलं. यश आलं तर प्रबंध, पुस्तक आणि व्याख्याता म्हणून नेमणूक, अशी ती सरळ वाट होती. अडचण एवढीच की कुणी फर्द दाखवेना. भालदाराच्या घरच्यांनी दारातूनच परत पाठवलं. तेव्हा अण्णांनी जे केलं ते आठवलं की मला आजही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. दफ्तरातून सुट्टी काढून ते माझ्याबरोबर घरोघर फिरले. ज्या रीतीसाठी त्यांनी स्वतः शेजाऱ्याशी वाद घातले होते, ती रीत त्यांनी माझ्यासाठी हात जोडून मोडायला लावली. "पोरगी शिकायली," एवढंच ते म्हणायचे. "लिहून घेते, वापस आणून देते. माझी जबान आहे." त्यांच्या शब्दावर एकेक फर्द बाहेर आली.

खाजामियाँनी जबान वगैरे मागितली नाही. त्यांनी कुराणशरीफ ठेवायच्या फळीखालून एक रेशमी बस्ता काढला आणि कागद माझ्या हातात दिला. बोली दख्खनी आणि अक्षर मोडी. "मेरेकू पढ़ना नै आता," ते हसून म्हणाले. "मेरे बाप कू बी नै आता था. सुनके याद करे सो है. तू पढ़ के बता बेटी, मैं इत्ते साल बराबर बोला क्या?" मी वाचून दाखवलं. दोन शब्द सोडले तर ते बरोबरच म्हणत आले होते. त्या दोन शब्दांचं त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी मला कागद वाचायला शिकवला, म्हणजे अक्षर नव्हे, कागद. उजेडाकडे धरला की हातकागदात गवताच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात, गिरणीच्या कागदात त्या नसतात. रेघा जितक्या वाकड्या तितका कागद जुना धरावा, कडा कशी पिवळी होते, शाई कुठून खाते. जमवलेल्या सगळ्या फर्दी मी त्यांच्या ओट्यावर नेल्या. एकेक उजेडाकडे धरून त्यांनी सांगितलं, आणि त्यात शंकेला जागा नव्हती. भालदार, जोशी, वासुदेव आणि आमच्या घरची चोपदाराची, या सगळ्या फर्दी मागाहून नकलून काढलेल्या होत्या. मूळ जुना कागद एकच उरला होता, फकिराचा. पुढे चाळीस वर्षं मी मुलांना कागदाचं वय ओळखायला शिकवलं आणि एकदाही सांगितलं नाही की हे मी कुणाकडून शिकले.

सरांनी माझा मसुदा आठ दिवस ठेवून घेतला. फकिरावर मी तीस पानं लिहिली होती. त्यांनी ती वेगळी काढून टेबलाच्या कडेला ठेवली होती. "हा भाग प्रक्षिप्त आहे," ते म्हणाले. प्रक्षिप्त म्हणजे मूळचा नव्हे, कुणीतरी मागाहून घुसवलेला. मी कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, "जिल्दसाजाच्या साक्षीवर प्रबंध लिहितेस?" मी हाकेचं सांगितलं. चोपदाराच्या फर्दीवर फकिराचेच शब्द हाक म्हणून लिहिलेत, फकीर काढला तर चोपदार उठणार कशावर? आणि "जागा दिली" म्हणतो ती कुणाला? सर शांतपणे म्हणाले, "मग तेही नंतरचंच असेल. वासुदेवाचे शेवटचे शब्द तिथे घाल, ती एक ओळ काढून टाक. बघ कसं सलग वाचता येतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "शालन, तुझं मराठी आता स्वच्छ झालंय. संहिताही स्वच्छ होऊ दे. नेमणुकीच्या समितीत सगळेच माझ्यासारखे समजूतदार नसतात." एवढंच. त्यांनी मला धमकी दिली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. धमकी नव्हती. त्यांनी मला दोन वाटा दाखवल्या आणि मी पटकन त्यातली एक धरली. घरी येऊन आईच्या शिवणयंत्रावर कागद ठेवून मी तळटीप लिहिली की फकिराचे सोंग उत्तरकालीन व प्रक्षिप्त दिसते, म्हणून वगळले आहे. मसुद्यात अण्णांच्या सोंगाची हाक मी बदलली आणि त्यांची पहिली ओळ खोडली. मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि लिहूनही काही हलकं वाटत नाही.

त्या पुस्तकावर मी जगले. विभागप्रमुख झाले, इंग्लंडात व्याख्यानाला गेले. तिथे एका म्हाताऱ्या प्राध्यापिकेने सांगितलं की त्यांच्याकडच्या जुन्या नाटकमंडळ्यांतही नटाला फक्त स्वतःचे शब्द आणि हाक तेवढी मिळे, सबंध नाटक मिळत नसे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि मी वाकून त्या घेतल्या. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी छायाचित्रं वाढवली, सूची वाढवली आणि तळटीप तशीच ठेवली. सर हयात होते हे कारण होतं. मग सर गेले आणि दुसरं कारण सापडलं. निवृत्त झाल्यावर मी सुलतान बाजारात गेले तर ओट्याच्या जागी मोबाइलची झाकणं विकणारा बसला होता. चाचांचा मुलगा कधीच आखातात गेला होता आणि बस्त्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मी उतरवून घेतलेली प्रत सरांच्या कागदांत गेली आणि ते कागद वाळवीने खाल्ले. आता फकिराचं सोंग उरलंय ते माझ्या डोक्यात. परवा विद्यानगरच्या माझ्या घरी एक संशोधक मुलगी आली होती, मोठी चुणचुणीत. मी मनात म्हटलं, हिला सगळं म्हणून दाखवावं. पण मग ती काय लिहील तेही मला ठाऊक होतं. लिहील की एका वृद्ध निवेदकाच्या स्मरणावर आधारित, लेखी पुरावा नाही, सबब अग्राह्य. हा नियम तिच्या गुरूंना मीच शिकवला होता. मी तिला चहा आणि बिस्किटं दिली आणि तिच्या प्रश्नांची पुस्तकातली उत्तरं दिली.

पण ते पुस्तक पहिल्यांदा छापून आलं तेव्हाचं सांगायचं राहिलंय. ते आलं उत्सवाच्या पंधरा दिवस आधी. आईने त्याला हळदकुंकू लावलं. अण्णांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मराठी पुस्तक ते सावकाश, ओठ हलवत वाचायचे. मी आतल्या खोलीत बसून पानं उलटल्याचा आवाज मोजत होते. चोपदाराचं पान आलं तेव्हा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने ते दारात आले आणि म्हणाले, "शाले, माझी हाक बदलली का गं?" मी म्हणाले, "छापताना तसं करावं लागतं, अण्णा. शास्त्र असतं त्याचं." ते म्हणाले, "असंल बाबा. मला नाही समजत तुमचं शास्त्र." त्या दिवसापासून दाढी करताना ते गप्प असायचे. आईला वाटलं घसा बसलाय, म्हणून ती त्यांना आल्याचा काढा देत राहिली.

मठाच्या सेक्रेटरींना पुस्तकाचा भारीच अभिमान वाटला. त्यांनी दहा प्रती घेतल्या आणि जाहीर केलं की यंदा ललित शास्त्राप्रमाणे होईल. सोंगं घेणाऱ्या सगळ्यांना त्यांनी एकेक प्रत दिली. खाजामियाँना दिली नाही. मुद्दाम वगळलं असंही नाही. पुस्तकात जेवढी नावं होती तेवढ्यांना दिली. चाचांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि सांगायला कुणी गेलं नाही. अण्णा गेले नाहीत, कारण त्यांना वाटलं मी गेले असेन. मी दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

ललिताच्या दुपारी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, गळ्यात हार होता आणि शेजारी सर बसले होते. सेक्रेटरी पुस्तक उघडून देवाच्या बाजूला उभे होते आणि ओळीवर बोट फिरवत होते. भालदार झाला, जोशी झाला. वासुदेव गात असतानाच खाजामियाँ मठाच्या पायरीशी येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, हिरवा फेटा, हातात मोरपिसांचा कुंचा, पायातल्या चपला काढून नीट कडेला ठेवलेल्या. वासुदेवाचे शेवटचे शब्द झाले. ती त्यांची हाक होती. त्यांनी पाऊल उचललं. सेक्रेटरी पुस्तकात बघत मोठ्याने म्हणाले, "हं, अण्णा. आता तुमचं." चाचा तिथेच थांबले. अण्णा उठले, पण बोलेनात. सगळा मठ त्यांच्याकडे बघायला लागला. सेक्रेटरींनी पान दाखवलं, "अण्णा, वासुदेवानंतर तुम्हीच आहात हो." अण्णा म्हणाले, "माझी हाक नाही झाली." लोक कुजबुजायला लागले. सेक्रेटरी गोंधळून माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा. मध्ये फकीर आहे का?"

मी अण्णांकडे बघितलं नाही. चाचांकडे तर नाहीच. शेजारी सरांनी पाय बदलल्याचं मला जाणवलं. मी उठले आणि त्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "मूळ संहितेत नाही."

अण्णा तसेच उभे राहिले. चेहरा असा की आता ते हातातली चोपदाराची काठी टाकून निघून जातील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली ती माझ्या नेमणुकीची. तेवढ्यात पायरीवरून चाचांचा आवाज आला, थट्टेचा नाही, रागाचाही नाही, दुकानात गिऱ्हाइकाला समजावतात तसा. "बोलो अण्णा, बोलो. हमारी बच्ची की किताब है. शरम नक्को दो उसकू." अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खाली बघत, पहिली ओळ सोडून, दुसऱ्या ओळीपासून गावाचं मागणं सुरू केलं. ते संपेपर्यंत चाचा पायरीवर उभे होते. काला त्यांनी बाहेरच हातावर घेतला, कपाळाला लावला आणि चपला घालून गेले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. अण्णाही मठात गेले नाहीत. चोपदाराचं सोंग सेक्रेटरींच्या भाच्याने पुस्तकात बघून केलं. अण्णा आणखी एकवीस वर्षं जगले, मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, पण त्यांच्या जिवात जीव असेतो माझ्याशी पुन्हा कधी ललिताचा विषय काढला नाही.

जूनमध्ये मी विद्यापीठात रुजू झाले. पहिल्याच दिवशी सरांनी मला आपला तास दिला आणि स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. विषय पाठचिकित्सा होता. मूळ संहितेत मागाहून घुसलेला भाग कसा ओळखायचा आणि तो कसा बाहेर काढायचा हे मी तासभर, एकदाही न अडखळता, शुद्ध मराठीत शिकवलं.